वाट नाही लावली, त्या पोरांनीच ही फोर्ड जिवंत ठेवली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या गाड्यांवरचा लेख वाचला, लेख तसा छान होता, पण १९३२ च्या फोर्डबद्दल त्यात लिहिलंय की अमेरिकेतल्या पोरांनी एका सुंदर गाडीची कापाकापी करून पार वाट लावली, आणि हे वाचून काही राहवलं नाही म्हणून लिहितोय. अहो, त्या पोरांनी कापली म्हणून तर ही गाडी आजही लोकांच्या तोंडी आहे. ऐन मंदीतल्या साध्या फोर्डला एरवी कोण विचारतंय.

१९३२ साली हेन्री फोर्डनं स्वस्तातल्या गाडीत व्ही-एट इंजिन दिलं. तोपर्यंत आठ सिलिंडरचं व्ही इंजिन म्हणजे कॅडिलॅक, लिंकनवाल्यांचा थाट. फोर्डनं इंजिनाचा मुख्य लोखंडी ठोकळा, म्हणजे अख्खा ब्लॉक, एकाच कास्टिंगमधे ओतला, क्षमता २२१ क्युबिक इंच आणि ताकद ६५ हॉर्सपॉवर. आज ६५ म्हणजे काहीच नाही हो, पण तेव्हाच्या हलक्या गाडीत ही ताकद भरपूर होती, आणि मुख्य म्हणजे नंतर या गाड्या सेकंडहँड बाजारात आल्या तेव्हा खिसा रिकामा असलेल्या पोरांच्याही आवाक्यात आल्या.

पण नुसतं इंजिन म्हणाल तर ते पुढच्या वर्षीच्या फोर्डमधेही होतंच की. मग १९३२ चंच मॉडेल का? तर माझ्या मते याचं खरं उत्तर चासीत, म्हणजे बॉडीखालच्या सांगाड्यात, आहे आणि तुमच्या लेखात नेमकं तेच नाही. आधीच्या मॉडेल ए मधे बॉडी आणि फूटबोर्डच्या मधे पत्रा असायचा, चासी त्याच्यामागे झाकलेली. १९३२ ला तो पत्रा गेला आणि चासीचा बाजूचा रेल बाहेरून दिसायला लागला, म्हणून मग त्यावर लांबलचक उठावाची रेघ दाबली, म्हणजे जो भाग लपवायचा असतो तोच नटवला. आता मडगार्ड काढा, फूटबोर्ड काढा, बंपर काढा, तरी गाडी उघडीबोडकी वाटत नाही, उलट जास्तच रुबाबदार दिसते! दुसऱ्या गाड्यांचे मडगार्ड काढले की त्या अर्धवट वाटतात. आणि १९३३ ला फोर्डनं व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, १०६ वरून ११२ इंच केला, बॉडीही नवीन आणली, त्यामुळे हा घाट एकाच वर्षाचा. पोरं तर मॉडेल ए ची बॉडी उचलून १९३२ च्या चासीवर बसवायची, नाहीतर नुसती ग्रिल, म्हणजे पुढची जाळी, तरी लावायची.

मडगार्ड काढणं ही नुसती फॅशन नव्हती हे पण सांगायला हवं. दक्षिण कॅलिफोर्नियात मुरॉक, एल मिराज अशी कोरडी सपाट तळी आहेत, तिथे पोरं गाड्या पळवायची, वजन जेवढं कमी तेवढा स्पीड जास्त, म्हणून जे जे निघेल ते काढायचं. १९३७ मधे त्यांनी रीतसर असोसिएशन काढली, सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन म्हणजे एससीटीए, आणि १९४९ पासून तीच मंडळी युटामधल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर स्पीड वीक, म्हणजे गाड्या पळवायचा आठवडा, भरवायला लागली. मधे महायुद्ध झालं, सैन्यात मशिनवर हात बसलेली पोरं परत आली आणि मग तर या प्रकाराला ऊतच आला.

आता कापाकापीचं. छप्पर खाली आणायचं म्हणजे आडदांडपणे करवत चालवणं नाही. चारी बाजूचे खांब मापून कापायचे, मधला तुकडा काढायचा, वरचा भाग खाली बसवून वेल्डिंग करायचं, आणि खांब तिरके असतील तर वरचं टोक खालच्यावर जुळतच नाही, मग छप्पर ताणा नाहीतर खांब वाकवा. १९३२ च्या कूपेचे, म्हणजे दोन दारांच्या बंद गाडीचे, खांब बऱ्यापैकी सरळ आणि काचा सपाट, काच कापून बसवता येते, त्यामुळे घरच्या गॅरेजमधे सुद्धा जमायचं. बिघडलेलीही खूप आहेत म्हणा, टाचणीएवढी खिडकी ठेवलेल्या गाड्या मला पण आवडत नाहीत.

बरं, गाडी निर्दोष होती असंही नाही. फोर्डच्या त्या व्ही-एटला, वरचं झाकण सपाट म्हणून, फ्लॅटहेड म्हणतात, त्यात एक्झॉस्टच्या म्हणजे धुराच्या वाटा ब्लॉकमधूनच फिरून बाहेर येतात, सगळी उष्णता पाण्यात, त्यामुळे इंजिन तापणार म्हणजे तापणारच. म्हणून १९५५ ला शेवरोलेचं छोटं व्ही-एट आलं तसं लोकांनी सरळ तेच फोर्डमधे टाकायला सुरुवात केली, आणि यावरून चाहत्यांमधे जी भांडणं आहेत ती आजतागायत मिटलेली नाहीत. शेवरोलेवाले म्हणतात आम्ही गाडी चालवतो, तुम्ही रेडिएटरमधे पाणी ओतत बसा. त्यांचं म्हणणं चूक नाही पण मला विचाराल तर फ्लॅटहेडच हवं, तापलं तर तापलं, थांबू दहा मिनिटं.

आणि जुन्या गाड्या संपतील ही तुमच्या लेखकांची काळजी, तर ओहायोमधे ब्रुकव्हिल म्हणून कंपनी आहे ती स्टीलची नवीकोरी १९३२ रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची, बॉडी बनवते, चासी नवीन मिळते, ग्रिल नवीन मिळते, फायबरग्लासच्या बॉड्या तर कधीपासूनच आहेत. म्हणजे १९३२ मधला एकही नट न वापरता अख्खी ड्यूस (१९३२ च्या फोर्डचं चाहत्यांमधलं लाडकं नाव) उभी करता येते. अस्सल पत्र्यावाले नाकं मुरडतात, मुरडू देत. उलट यामुळे मूळ शाबूत राहिलेल्या गाड्यांवर करवत चालवायची कोणाला गरजच उरली नाही, त्या रिस्टोर करणाऱ्यांकडे जाताहेत, आणि तुमच्या लेखकांना तरी दुसरं काय हवं होतं?

- आपला एक नियमित वाचक