खुंटी, खडू आणि घसरणारा फोकसर

मिरज, २३ जानेवारी

प्रिय बंड्या,

अमावस्येच्या रात्री तुला जे तीन मेसेज आले त्यातली भाषा मनावर घेऊ नकोस. ते तुझ्यासाठी नव्हते, फोकसरसाठी होते, म्हणजे दुर्बिणीचा कॅमेरा धरणारी नळी आत-बाहेर सरकवणाऱ्या त्या भागासाठी. 'काय झालं ते सविस्तर लिही' म्हणालास, म्हणून लिहायला बसलोय. फोनवर सांगत बसलो तर तू मधेच 'सॉफ्टवेअर अपडेट केलंस का' विचारणार आणि माझं डोकं फिरणार.

कवठे महांकाळला मामाच्या मळ्यात गेलो होतो. द्राक्षबागेपलीकडच्या माळावर अजून बरा अंधार असतो. भाचा आला म्हणून मामानं हौसेनं हुरड्याची आगटी पेटवली, ती नेमकी दुर्बिणीच्या वाऱ्याला. धुरातून तारे कसे दिसतात यावर मी आता व्याख्यान देऊ शकतो. शेवटी आगटी गोठ्याकडं हलवली. हुरडा मात्र सोडला नाही.

सातच्या सुमारास लुब्धक जरा वर आला होता. त्याच्यावर फोकस केला, एकदम झकास. साडेआठला कृत्तिका जवळजवळ डोक्यावर आल्या. आपल्या अक्षांशावर त्या ८३ अंशांपर्यंत चढतात, म्हणजे दुर्बीण सरळ उभीच. ऑटोफोकस लावला आणि तिथून तमाशा सुरू झाला. एरवी संगणक नळी बाहेर नेतो, मग थोडी थोडी आत घेत प्रत्येक टप्प्याला फोटो काढतो आणि ताऱ्याचा ठिपका किती मोठा आहे ते मोजतो. त्या मापांचा आलेख इंग्रजी व्हीसारखा यायला हवा. माझा आला भाकरीच्या काठासारखा. मोटर आपली इमानदारीत किरकिरतेय, स्क्रीनवरचे आकडे पळतायत आणि तारे होते तेवढेच जाडे. पाच वेळा केलं, पाच तऱ्हेचे आलेख आले. पहाटेपर्यंत काढलेले सगळे फोटो फेकून द्यायच्या लायकीचे.

हाताने फोकस करून का नाही काढले, असं म्हणशील. काढले की! पण संध्याकाळपासून पारा आठेक अंश उतरला होता. ॲल्युमिनियम मीटरला, अंशाला २३ मायक्रॉन आखडतं, म्हणजे दुर्बिणीच्या अर्ध्या मीटरच्या मुख्य नळीत नव्वदेक मायक्रॉन गेले. ४८० मिलिमीटर फोकल लांबीच्या, एफ-६ (म्हणजे लांबी भिंगाच्या व्यासाच्या सहापट) दुर्बिणीला फोकसची चूक खपते ती ऐंशीएक मायक्रॉनच्या पट्ट्यात, केसाच्या जाडीएवढ्या. दर तासाला उठून दवानं भिजलेल्या बोटांनी केसभर नळी सरकवायची, तर मोटर कशाला बसवली?

पहिला संशय कपलरच्या, म्हणजे मोटर आणि फोकसरचा दांडा जोडणाऱ्या तुकड्याच्या, स्क्रूवर. मोटर म्हणजे तीच ती पाच व्होल्टची २८बीवायजे-४८, फेऱ्याला २०४८ पावलं टाकणारी, आणि ती बारीक फोकसच्या गोट्याला जोडलेली. कपलरचे बारके स्क्रू सैल झाले की मोटर फिरते आणि दांडा तसाच राहतो. ते आवळले. फरक शून्य. दुसरा संशय बॅकलॅशचा, म्हणजे गिअरमधल्या ढिलाईचा. पण बॅकलॅश प्रामाणिक असतो रे. दिशा बदलली की तेवढीच ठरलेली पावलं खातो, दर वेळी तेवढीच. इथं कधी दोनशे गायब, कधी सातशे. हे खाणं नव्हतं, सरळ घसरणं होतं.

रविवारी दुपारी घरी येऊन शांतपणे बसलो. कॅमेरा लावून दुर्बीण उभी केली आणि काळ्या मार्करनं कपलर, बारीक गोटा आणि पलीकडचा मोठा गोटा, तिन्हींवर रेघा मारल्या. नळीवर व्हर्निअर लावला. २००० पावलं बाहेर सोडली, नळी १.८ मिलिमीटर उतरली. हिशेब बरोबर. २००० पावलं आत घेतली, तर नळी चढली १.१ मिलिमीटरच. आणि तिन्ही रेघा मात्र जागच्या जागी परत! म्हणजे मोटर ठीक, कपलर ठीक, दहास एक गिअरही (बारीक गोट्याचे दहा फेरे, मोठ्याचा एक) ठीक. घसरत होता तो शेवटचा सांधा, दांडा आणि नळी यांच्यातला. दुर्बीण आडवी करून तेच केलं तर दोन्हीकडं १.८. लुब्धक का जमला आणि कृत्तिका का नाही, ते कळलं. डोक्यावर बघताना कॅमेरा, फ्लॅटनर (फोटोच्या कडा सरळ करणारं भिंग) आणि लोंबणारी केबल मिळून सव्वा किलो उचलावं लागतं.

तू शाळेतल्या दातेरी पट्टीच्या फोकसरवर वाढलेला माणूस, म्हणून सांगतो. माझा क्रेफर्ड पद्धतीचा आहे. लंडनच्या क्रेफर्ड भागातल्या हौशी मंडळातले जॉन वॉल यांची १९७०च्या सुमाराची कल्पना. त्यात दातच नाहीत. एका बाजूनं चार बेअरिंग, दुसऱ्या बाजूनं गुळगुळीत पोलादी दांडा नळीच्या सपाट पट्टीवर दाबलेला. दांडा फिरला की निव्वळ घर्षणानं नळी सरकते. चाल लोण्यासारखी, हिसका नाही. पण सगळा कारभार घर्षणावर. मी खालचा ताणाचा स्क्रू आवळला तर मोटरच टकटक करत पावलं चुकायला लागली. आणखी आवळला असता तर पट्टीवर दांड्याचा चर पडला असता. तिथं अडकलो.

सोमवारी लेकीचा तानपुरा घेऊन सतारमेकर गल्लीत गेलो. एक खुंटी सारखी उतरत होती. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून लेक स्वतःलाच मानांकन मिळाल्यासारखी वागते, ते असो. तिथल्या म्हाताऱ्या कारागिरानं खुंटी काढली, बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि माझ्याकडं बघितलं. "तेल कुणी लावलं?" मी म्हटलं, जरा जड फिरत होती म्हणून मीच... ते म्हणाले, "खुंटीनं फिरायचं बी असतंय आणि धरायचं बी असतंय. तेल लावलं की नुसतीच फिरती." खुंटी आणि भोक कोरड्या फडक्यानं पुसून त्यांनी खुंटीवर खडू घासला, चांगला पांढरा होईस्तोवर, आणि दाबून बसवली. तार चढवली, राहिली.

आणि बंड्या, मला तिथं उभ्या उभ्या खंडेनवमी आठवली. घरातली सगळी अवजारं पुसून, शिवणयंत्राचं तेल घालून पूजेला मांडली होती. पाना, करवत, ड्रिल, आणि दुर्बीण. फोकसरच्या दांड्यावरही दोन थेंब सोडले होते मी, वर हळदकुंकू.

घरी आलो. फोकसर उघडला, दांडा आणि पट्टी आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं तीनदा पुसली. पहिल्या कापसावर पिवळट तेल आणि थोडं कुंकू. खडू नाही लावला, घाबरू नकोस, ती पूड कॅमेऱ्यात गेली असती. ताणाचा स्क्रू पाव फेरा आवळला, केबल वर बांधली. आणि ऑटोफोकसला सांगून ठेवलं की शेवटची चाल नेहमी वजन उचलण्याच्या दिशेनं घे, म्हणजे बॅकलॅश आधीच खाऊन होतो. व्हर्निअरवर आता १.८ खाली, १.७८ वर.

बुधवारी चंद्रकोर मावळल्यावर गच्चीवरूनच बघितलं. सुंदर व्ही आला. फोटो सोबत पाठवतोय. कृत्तिकांभोवतीचं धुकट निळं गावातल्या उजेडात फारसं उतरलेलं नाही, पण तारे बघ, टाचणीच्या टोकाएवढे.

आता मामाकडं पुढच्या अमावस्येला जायचंय. तू येणारच आहेस. पुण्याहून येताना दीड मिलिमीटरची ॲलन की घेऊन ये, माझी मळ्यात गवतात पडली ती सापडली नाही. आणि आगटी कुठं पेटवायची ते मामाला तू सांग, माझं ऐकत नाही.

तुझाच,
पक्या