आमदारांना सकाळी सहाला बोलवा

संपादक महोदय,

अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांची काळजी घेणारा आश्रम मी नाशिकमध्ये चालवते. वाढदिवसाला, दिवाळीला लोकप्रतिनिधी येतात, फळे वाटतात. आपुलकी खरी असते, पण त्या अर्ध्या तासात कामाचे बोलणे होत नाही. त्यांना सकाळी सहाला बोलवायला हवे. दर दोन तासांनी आजींची कूस बदलणारी, पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची लाली पाठीवर दिसतेय का ते बोटाने दाबून बघणारी, चमच्याने पेज भरवणारी मावशी त्यांनी पाहावी आणि पगार किती, हे तिलाच विचारावे.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे कलम १९ प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांसाठी आश्रम उभारण्याची मुभा राज्याला देते, सक्ती करत नाही. म्हणजे सगळे सरकारच्या इच्छेवर आणि अर्थसंकल्पावर. मग इच्छा जागी करायला आपणच जायला नको का?

जिल्ह्यात १५ आमदार आहेत. आश्रमचालकांनी एकेकट्याने खेटे घालण्यापेक्षा एकत्र भेटावे, नातेवाईकांनाही सोबत न्यावे, तेही मतदारच. निवेदन एका पानाचे असावे : किती रुग्ण, दरमहा माणशी खर्च, आणि मागणी एकच. माझ्या मते ती सेविकांच्या प्रशिक्षणाची आणि वेतन अनुदानाची असावी. आमदारांना तारांकित प्रश्न (ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) अधिवेशनाच्या बरेच आधी द्यावे लागतात, त्यामुळे नागपूरला गर्दी करण्यात अर्थ नाही. भेटी आत्ताच, मतदारसंघातल्या कार्यालयातच घ्याव्यात.

– एक आश्रमचालिका, नाशिक