संज्याला पत्र: नव्या लॅबच्या यादीबद्दल

बडोदा

प्रिय संज्या,

तुमच्या कॉलेजात नवी केमिस्ट्री लॅब होतेय आणि सामानाची यादी तुझ्या गळ्यात पडलीय हे वाचून अभिनंदन करू की सांत्वन तेच कळेना. फोनवर सांगून तू अर्धं विसरशील म्हणून लिहितोय.

तुमच्या सरांना स्पेक्ट्रोफोटोमीटर हवाय, घ्या की, रंगीत द्रावणातून किती प्रकाश शोषला जातो त्यावरून कॉन्सन्ट्रेशन काढायला त्याच्यासारखं काही नाही. पण सगळी ग्रँट त्यात घालू नका बाबा. 2024च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात घुसलं ना, तेव्हा इथल्या एका कॉलेजात (नाव नको) महागडी मशीनं तळमजल्यावरच होती. पाणी ओसरल्यावर काचसामान धुऊन पुसून परत स्टँडला लागलं आणि मशीनं गेली भंगारात. आणि पूर नसला तरी टी.वाय.च्या (शेवटच्या वर्षाच्या) पोरांचे दिवस जातात ब्युरेट-पिपेट या द्रव मापायच्या काचनळ्यांवरच, मशीनपाशी त्यांचा नंबर कधीतरीच लागतो.

म्हणून आधी ब्युरेट. 50 मिलीची घे आणि शक्यतो क्लास ए, तिच्यात चूक जास्तीत जास्त 0.05 मिली, क्लास बी मध्ये ती डबल होते. नळी टेफ्लॉनच्या कॉकचीच (खालच्या तोटीची) माग. काचेचा कॉक असला आणि पोरांनी कॉस्टिक सोडा भरून तसाच ठेवला की अल्कली काच खातं, कॉक चिकटतो, मग पिळायला गेलं की तुटतो. टायट्रेशन, म्हणजे थेंबथेंब द्रावण सोडून मोजणं, झालं की लगेच धुवायचं, हे भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेव, तरी पोरं वाचणार नाहीत.

पिपेटबरोबर रबरी बल्ब घेच. आपण सगळे तोंडानं ओढायचो, आठवतंय? आता नाही चालत आणि नकोच. टोकाला राहिलेला शेवटचा थेंब फुंकायचा नाही, तो मापात धरलेलाच नसतो. नुसतं टोक फ्लास्कच्या आतल्या बाजूला टेकवायचं.

वजनकाटा मात्र जरा विचार करून. चार दशांशाचा अॅनालिटिकल बॅलन्स म्हणजे 0.1 मिलिग्रॅमपर्यंत दाखवतो, त्याला दगडी ओटा लागतो आणि वर पंखा नको. दार उघडं ठेवून वजन घ्यायला गेलास तर शेवटचा आकडा नाचत बसतो, थांबतच नाही. आणि क्रुसिबल (पदार्थ तापवायची वाटी) गरम असताना ठेवली तर ती हलकी भरते, कारण तिच्याभोवतीची हवा तापून वर जाते आणि पॅनलाही थोडं उचलते. म्हणून डेसिकेटर (आत कोरडं ठेवणारा झाकणाचा डबा) हवा, त्यात थंड करून मगच काट्यावर. त्यातली निळी सिलिका जेल गुलाबी झाली की तिनं पुरेसा ओलावा खाल्लाय असं समज, ओव्हनमध्ये तापवून परत वापर. पावसाळ्यात आमच्याकडे ती बघता बघता गुलाबी होते.

पीएच मीटर एक पुरे. 1934 मध्ये अमेरिकेत आर्नॉल्ड बेकमननं लिंबाच्या रसाची आम्लता मोजायला म्हणून पहिला बनवला, आता त्याच्याशिवाय पान हलत नाही. त्याचं इलेक्ट्रोड (द्रावणात बुडवायची कांडी) डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवतात लोक, तसं करू नका, पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवा, नाहीतर वर्ष-दीड वर्षात नवं घ्या.

बर्नर, त्रिपाद, जाळी, सेंट्रिफ्यूज (नळ्या गरगर फिरवायचं मशीन) हे तू बघून घेशील. सेंट्रिफ्यूजमध्ये समोरासमोरच्या नळ्या सारख्या वजनाच्या हव्यात एवढं पोरांना बजाव, नाहीतर मशीन टेबलावरून चालायला लागतं. अरे बर्नरवरून आठवलं, नाव बुन्सेन या केमिस्टचं असलं तरी तो 1855च्या सुमारास हायडेलबर्गमध्ये घडवला त्याच्या मेकॅनिकनं, पीटर देसागानं. लॅब असिस्टंटची जमात तेव्हापासूनच मागे उभी!

आणि फ्यूम हूड, म्हणजे विषारी वाफा बाहेर ओढणारं कपाट. कोटेशनमध्ये नुसतं कपाट बघू नकोस, ब्लोअर आणि बाहेर जाणारा डक्ट आहे का ते विचार. बऱ्याच ठिकाणी तो बंद पडतो आणि मग त्यात रिकाम्या बाटल्या आणि स्टाफचे डबे राहतात, मी पाहिलंय.

कोटेशन आली की फोटो पाठव, सही करायच्या आधी हां, मी काचेचे ग्रेड बघून सांगतो. आणि दिवाळीत ये इकडे, शेव-उसळ खाऊ, वहिनींनाही आण.

तुझा,
बाळ्या