चि. मुक्ता, टालिनला निघण्याआधी

चि. मुक्तास,

अनेक आशीर्वाद.

काल तू फोन मध्येच ठेवलास, त्यावर मला काही बोलायचं नाही. बाबा म्हणाले, दोन दिवस जाऊ देत, मग बोल. पण शुक्रवारी तुझी बोट आहे, म्हणून आजच लिहायला बसले. त्या काळ्या कोटाचा विषय काढणार नाही, असं बाबांना कबूल केलंय. एस्टोनियाबद्दल लिहिते. लोकांना सहली आखून देणं हेच माझं काम. तुझी सहल आखल्याशिवाय मला झोप यायची नाही.

आधी बोट. हेलसिंकी ते एस्टोनियाची राजधानी टालिन 80 किलोमीटर, दोन तासांचा प्रवास. कंपनीगणिक धक्का वेगळा असतो, पश्चिम बंदर की काताजानोक्का, ते तिकिटावर आज रात्रीच बघून ठेव. दोन्ही हेलसिंकीतच असल्यामुळे लोक गाफील राहतात आणि चुकीच्या धक्क्यावर जाऊन उभे राहतात. सुटायच्या अर्धा तास आधी चेक-इन बंद होतं असं धरून चाल. शेंगेन आहे, सीमेवर तपासणी नसते, म्हणून पासपोर्ट खोलीवर ठेवू नकोस. पासपोर्ट आणि तुझं निवास परवान्याचं कार्ड, दोन्ही जवळ हवीत. घड्याळ बदलायचं नाही, पैसेही युरोच. टालिनच्या ट्राममध्ये तिथल्या रहिवाशांना प्रवास फुकट असतो, पाहुण्यांना नाही. पुढच्या दारापाशी यंत्र असतं, त्याला बँकेचं कार्ड टेकवायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, दिवस किती लहान आहे ते. डिसेंबरच्या शेवटी टालिनला सव्वानऊच्या सुमाराला सूर्य उगवतो आणि साडेतीनच्या आत मावळतो. ढगाळ असलं, आणि बहुतेक असतंच, तर अडीचलाच दिवे लागतात. त्यामुळे उघड्यावरचं सगळं सकाळी साडेनऊ ते अडीच आणि संग्रहालयं त्यानंतर, हा क्रम मोडू नकोस. उशिरा उठून आधी संग्रहालयात शिरलीस तर शहर दिसणारच नाही.

शनिवारी जुनं शहर. सुरुवात वरून, टूमपेआच्या टेकडीवरून करायची. पिक हेर्मान बुरुजावर सूर्योदयाला राष्ट्रगीताबरोबर झेंडा चढतो. तुम्ही डिसेंबरात जाताय म्हणून हे पहाटे न उठता बघायला मिळेल. समोर अलेक्झांडर नेव्हस्की कॅथेड्रल, 1900 सालचं; आत फोटो काढू देत नाहीत. त्याच्यापेक्षा पलीकडचं टूमकिरिक हे जुनं चर्च मला जास्त आवडतं. भिंतींवर जर्मन सरदार घराण्यांची लाकडात कोरलेली ढालीसारखी मानचिन्हं आहेत, एकेक माणसाच्या उंचीची. तू ती तासभर बघत बसशील, मला माहीत आहे. मग कोहतुओत्सा आणि पात्कुली हे दोन सज्जे, दोन्ही फुकट. कोहतुओत्सावर गर्दी असते. तटबंदी आणि बुरुजांची ओळ पात्कुलीवरूनच नीट दिसते.

खाली उतरायला दोन वाटा: पिक याल्ग हा उताराचा रस्ता आणि लुहिके याल्ग हा पायऱ्यांचा. दोन्हीकडे गोटे बसवलेले, त्यावर वितळून पुन्हा गोठलेलं पाणी. बर्फ पडत असताना माणूस घसरत नाही, तो वितळून दुसऱ्या दिवशी थंडी वाढली की घसरतो. बुटावर चढवायचे रबरी खिळे घे, आणि दुकानात शिरताना काढ, कारण गुळगुळीत फरशीवर तेच घसरतात. दुसरं, भिंतीला चिकटून चालू नकोस. छपरांवरून बर्फाचे सुळके खाली येतात. फुटपाथवर लाल-पांढरी फीत बांधलेली दिसली की वळसा घाल, ती ओलांडू नकोस.

राएकोया प्लात्स म्हणजे नगरभवनाचा चौक. नगरभवन 1404 मध्ये पुरं झालं. कोपऱ्यातल्या औषधाच्या दुकानाचा उल्लेख 1422 पासून सापडतो आणि ते आजही औषधं विकतं. चौकात नाताळचा बाजार असेल. ग्लोगी हे गरम मसालेदार पेय मागताना बिनदारूचं हवं असेल तर तसं सांग. खाण्याचं मात्र विचारूनच घे. वेरिवोर्स्ट हे नाताळचं सॉसेज डुकराच्या रक्ताचं आणि सातूचं. मुलगिपुदेर ऐकायला साधं, बटाटा आणि सातूची खिमट, पण वरून डुकराच्या मांसाचे परतलेले तुकडे घालतात. आंबवलेल्या कोबीतही बहुधा चरबी असते. तुझ्यासाठी काळा राईचा पाव, लोणी, चीज, आणि दुकानातल्या फ्रीजमध्ये मिळणारे कोहुके, म्हणजे चॉकलेटचं आवरण असलेले दह्याच्या चक्क्याचे छोटे बार. हे पोटभरीचं आहे. तुझ्याबरोबर येणाऱ्या जुईला अंडं चालतं ना?

दुपारी अडीचच्या आत कालामाया या जुन्या वस्तीत जा, स्टेशनच्या मागेच आहे. हे मी फक्त तुझ्यासाठी लिहितेय, इतरांच्या कार्यक्रमात घालत नाही. तिथे 1920-30 च्या दशकातली भाड्याची घरं आहेत: दोन्ही बाजूंना लाकडाचे सारखे पंख आणि मधोमध दगडी जिना. आग लागली तर जिना जळू नये, लोकांना उतरता यावं, म्हणून तो दगडी ठेवायचा असा बांधकामाचा नियम होता. लाकडाचं इंजिनीअरिंग शिकायला निघालीस तेव्हा आत्या काय काय बोलल्या ते मला पाठ आहे. आता कुणी विचारलं की मी सांगते, माझी मुलगी आठ मजली लाकडी इमारत कशी उभी राहते ते शिकतेय. वेळ उरला तर रोक्का अल मारेचं खुलं संग्रहालय बघ. जुन्या शेतघरांत राहण्याची खोली आणि धान्य वाळवायची खोली एकच असायची, धुराडं नाही, धूर छपराखाली साठायचा आणि त्यातच कणसं वाळायची. हिवाळ्यात सगळी घरं उघडी नसतात, पण लाकडाचे सांधे बाहेरूनही दिसतात.

मुक्ता, तिथून परत येताना अंधार झालेला असेल. म्हणून एवढंच लिहिते: एस्टोनियात अंधारात चालणाऱ्याने रिफ्लेक्टर, म्हणजे गाडीच्या उजेडात चमकणारी कपड्यांना लटकवायची चकती, लावणं कायद्याने बंधनकारक आहे. तुझ्या फिनलंडमध्येही आहे. तू म्हणालीस कुणी लावत नाही. तू पाठवलेल्या बसथांब्यावरच्या फोटोत तुझ्या मागे उभ्या असलेल्या आजींच्या कोटाला तो लटकतोय, बघ. बस, झालं.

काड्रिऑर्गच्या बाजूला गेलात तर पीटर द ग्रेटने 1718 मध्ये बांधायला घेतलेला राजवाडा आहे, त्याच्या पुढे कुमू हे कलासंग्रहालय. पण तू समुद्राकडे लाउलुवाल्याकला जा, गाण्याच्या मैदानावर. हिवाळ्यात तिथे काहीही चालू नसतं, म्हणून लोक टाळतात. 1960 साली बांधलेली ती प्रचंड कमान, समोर गवताचा उतार, आता बर्फाचा. 1869 मध्ये टार्टूला पहिला गीतमहोत्सव झाला, आणि सोव्हिएत काळातही तो चालू राहिला. 1988 च्या उन्हाळ्यात लोक या मैदानावर रात्ररात्र बंदी असलेली गाणी म्हणत जमले. पुढच्या वर्षी, 23 ऑगस्ट 1989 ला टालिनपासून व्हिल्नियसपर्यंत लोकांनी हात धरून साखळी केली, सहाशे किलोमीटरहून लांब. 1991 च्या ऑगस्टमध्ये देश पुन्हा स्वतंत्र झाला. कमानीखाली उभी राहून एक ओळ म्हणून बघ. लोडशेडिंग असलं की जिन्यातून उतरताना तू मोठ्याने गायचीस, आठवतं? वरून खालपर्यंत सगळ्या मजल्यांना कळायचं, मुक्ता उतरतेय. मी विचारलं तर म्हणालीस, कुणी धडकू नये म्हणून. सात वर्षांची होतीस आणि तेव्हा तुला हे आपोआप कळत होतं.

असो.

रविवारी टार्टू. टालिनहून रेल्वेने साधारण दोन तास. सोमवारी बहुतेक संग्रहालयं बंद असतात, म्हणून टार्टू रविवारीच कर. विद्यापीठ 1632 चं, स्वीडनच्या गुस्ताव अडॉल्फने काढलेलं. मुख्य इमारतीच्या पोटमाळ्यावर विद्यार्थ्यांना कोंडून ठेवायची खोली आहे, भिंतींवर त्यांनी काढलेली चित्रं अजून आहेत. टूमेमॅगी टेकडीवर कॅथेड्रलचे भग्न अवशेष, आणि जवळच जुनी वेधशाळा. स्ट्रुव्ह या खगोलशास्त्रज्ञाने पृथ्वीचा आकार मोजायला नॉर्वेपासून काळ्या समुद्रापर्यंत जी बिंदूंची साखळी आखली, तिचा एक बिंदू इथे आहे. बाबांना त्याचा फोटो पाठव, ते खूश होतील. दुपारनंतर राष्ट्रीय संग्रहालय, शहराबाहेर राआदीला. 2016 चं, साडेतीनशे मीटर लांब. जुन्या सोव्हिएत लष्करी विमानतळाच्या धावपट्टीच्या टोकाला ती धावपट्टीच पुढे चालू राहावी अशी इमारत बांधली आहे. तिकीट टेकवलं की फलकांची भाषा बदलते. तीन तास ठेव.

सोमवारी तुम्हाला लाहेमाला जायचंय, विरूची दलदल बघायला. खरं सांगू, हा दिवस तू कार्यक्रमातून काढावास असं मला वाटत होतं, काल त्यावरूनच आपलं बिनसलं. पण जागा फार सुंदर आहे, आणि तू जाणारच, तर नीट जा. लाहेमा 1971 मध्ये झालं, सोव्हिएत संघातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. दलदलीतून साडेतीन किलोमीटरची फळ्यांची वाट आहे, मध्ये लाकडी मनोरा. खाली कित्येक मीटर जाडीचा शेवाळाचा थर आहे. पाइनची झाडं उंचीला माणसाएवढी आणि वयाने आजीपेक्षा मोठी, कारण त्या आम्लधर्मी पाण्यात खायलाच काही नसतं. बर्फ असेल तेव्हा फळ्यांची कड दिसत नाही. मधोमध चाल, समोरून कुणी आलं तर थांबून वाट दे. तळ्यांवरच्या बर्फावर अजिबात पाय ठेवायचा नाही, डिसेंबरात तो धरलेला नसतो, कडेला तर मुळीच नाही. तू विचारलेला समुद्रावरचा बर्फाचा रस्ताही आता मिळणार नाही. बर्फ निदान 22 सेंटिमीटर झाल्याशिवाय तो उघडत नाहीत, आणि हल्लीच्या कित्येक हिवाळ्यांत तेवढा होतच नाही.

उन्हाळ्यात दीड तास लागणारी ती वाट बर्फात अडीच तास घेते. टालिनहून लोक्साकडे जाणारी बस नार्वा महामार्गावर सोडते आणि तिथून वाटेच्या तोंडाशी साधारण किलोमीटरभर रस्त्याच्या कडेने चालावं लागतं. परतीच्या बसची वेळ उतरण्याआधीच लिहून घे. दिवसाला थोड्याच असतात, आणि एक चुकली की महामार्गाच्या थांब्यावर काळोखात तास-दोन तास. अडीचच्या आतली बस धर. माझं ऐकशील तर टालिनहून छोट्या गाडीतून दिवसाची सहल नेतात, ती घे. पैसे मी पाठवते.

आणि त्या एका किलोमीटरसाठी तरी. मी बाबांना कबूल केलं होतं, पण लिहिते. गाडीचे दिवे खाली पाडलेले असतात. काळ्या कोटातला माणूस तीसेक मीटरवर येईपर्यंत चालकाला दिसत नाही, आणि नव्वदच्या वेगात तेवढ्यात ब्रेकवर पायसुद्धा पोचत नाही. रिफ्लेक्टर असेल तर सव्वाशे मीटरवरून दिसतो. तो गुडघ्याच्या उंचीवर लटकवायचा, कारण उजेड तिथेच पडतो, आणि रस्त्याकडच्या बाजूला. दोन्ही बाजूंना लावलेस तर उत्तमच. रस्त्याच्या डाव्या कडेने, गाड्या समोरून येताना दिसतील असं चालायचं. ओलांडताना आपल्या सवयीने आधी उजवीकडे बघशील; पहिली गाडी डावीकडून येते. चरे पडलेला जुना रिफ्लेक्टर चमकत नाही, नवा घे, कुठल्याही किराणा दुकानात ‘हेल्कुर’ म्हणून मागितला की मिळतो. जुईलाही एक दे. सुहासमामा त्या रात्री पाटसच्या पुढे गाडीतून फक्त टायर बघायला उतरला होता. गडद निळा शर्ट होता. आजीला अजून कुणी नीट सांगितलेलं नाही.

झाला उपदेश. माफ कर. तू तेवीस वर्षांची आहेस, उणे पंधरात एकटी कपडे धुवायला जातेस, आणि मी तुला रस्ता कसा ओलांडायचा ते सांगतेय.

बाकी थोडंच. जुईला 24 तारखेपर्यंत राहायचं असेल तर लक्षात ठेवा, त्या दिवशी दुपारनंतर दुकानं मिटतात, 25 आणि 26 ला सुट्टी, आणि बोटींचं वेळापत्रकही वेगळं असतं. राहिलात तर पाव-चीज आदल्या दिवशी आणून ठेवा. 24 च्या संध्याकाळी लोक आपापल्या माणसांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावायला जातात. पाइनच्या जंगलातलं मेत्साकाल्मिस्तु हे कब्रस्तान बघण्यासारखं असतं, पण फोटो लांबून काढा. आतून लोकरीचे कपडे घाल, सुती नको, सुती घामाने ओलं राहतं आणि मग अंग गारठतं. फोन आतल्या खिशात ठेव, थंडीत बॅटरी एकदम उतरते आणि तिकिटं सगळी त्यातच. अडचण आली तर 112.

मुक्कामावर पोचलीस की रोज एक शब्द पाठव. तुमचे सहा म्हणजे आमचे साडेनऊ. नऊला पाठवलास तरी मी जागी असेन.

तुझी,
आई

ता. क. टार्टूची दोन्ही तिकिटं आजच काढ, रविवारी संध्याकाळी गाड्या भरून जातात आणि मग दोन तास उभं राहून यावं लागतं.