सुऱ्या, ती जोडी नव्हतीच रे

प्रिय सुऱ्या,

तुझा मेसेज वाचला. दोन फुटी टँक घेतलास ते बेस्ट झालं, पण त्यात ड्वार्फ, पर्ल आणि ब्लू असे तिन्ही जातींचे गोरामी मासे एकत्र टाकणार म्हणतोस तिथे जरा थांब. फोनवर तू बोलू देत नाहीस म्हणून लिहितोय.

मागच्या वर्षी मी जवळपास हेच केलं. एका दुकानात लाल आणि निळा असे दोन ड्वार्फ दिसले, दुकानदार म्हणाला जोडी आहे, मी खूश, घरी आणले, बायकोने नावंपण ठेवली राजा-राणी. चार दिवसांनी राजाने कोपऱ्यात पाण्यावर बुडबुड्यांचं घरटं बांधलं आणि मी मजल्यावरच्या सगळ्यांना बोलावून दाखवलं की बघा, आता पिल्लं होणार. दुसऱ्या दिवसापासून राणीची जी धुलाई सुरू झाली ती काय विचारू नकोस. नंतर कळलं, राणी पण राजाच! लाल काय न निळा काय, दोन्ही ड्वार्फच, रंग तेवढा वेगळा, आणि मादी बिचारी चंदेरी फिकट असते म्हणून दुकानात फारशी ठेवतच नाहीत, कोण घेणार तिला. त्यामुळे आपण रंगीत जोडी म्हणून हौसेने आणतो ते बरेचदा दोन नर निघतात.

आणि यांचं भांडण साधं नसतं रे. गोरामीला कल्ल्यांबरोबरच लॅबिरिंथ म्हणून एक अवयव असतो, वर येऊन हवा घ्यावीच लागते त्याला. आता घरटं पण वरच, म्हणजे मार खाल्लेला फिल्टरमागे लपला तरी श्वासाला वर येणार आणि वर दादा टपून बसलेला. मी अजून शहाणपणा केला, मोठा मासा असला की हे दोघं गप बसतील म्हणून ब्लू आणून टाकला. त्याने दोघांनाही हाणलं. आठवड्याभरात राणी गेली, म्हणजे दुसरा राजा. ब्लू शेवटी वरच्या मजल्यावरच्या काकांच्या चार फुटी टँकमध्ये पाठवला.

तुझा टँक २४ बाय १२ बाय १२ इंच म्हणजे पाणी जेमतेम ५५ लिटर. ब्लू १५ सेंटीमीटरपर्यंत जातो, पर्ल १२च्या आसपास. पर्ल स्वभावाने गरीब आहे, मलाही फार आवडतो, पण तुझ्याकडे नको. एकतर एकच ड्वार्फ ठेव, नाहीतर सरळ हनी गोरामी घे, एक नर आणि दोन-तीन माद्या. पाचेक सेंटीमीटरचा जीव, दुकानात रंग उडालेला दिसतो म्हणून लोक पुढे जातात, घरी स्थिरावला की काय सोनेरी होतो! आणि गंमत म्हणजे हनी आणि ड्वार्फ दोन्ही आपल्याच देशातले, गंगेच्या खोऱ्यात सापडतात, हॅमिल्टन नावाच्या साहेबाने १८२२ मध्येच त्यांची नोंद केलीये. आणि आपण त्यांना फॉरेनचे समजून पैसे मोजतो.

वर पिस्टिया ही तरंगणारी वनस्पती सोड, मागे उंच झाडं लाव, एकमेकांना सतत दिसले नाहीत की निम्मी मारामारी कमी होते. फिल्टरचा फ्लो हळू ठेव. झाकण पाहिजेच, तुझ्या हॉलमध्ये एसी चालतो, पाण्यावरची हवा गार पडली तर त्यांना त्रास होतो. नळाचं पाणी क्लोरीन काढल्याशिवाय ओतू नकोस. ड्वार्फ घेतलास तर त्यांच्यात कधीकधी एक व्हायरस असतो, इलाज नाही त्याच्यावर, त्यामुळे नवीन मासा आधी दोन-तीन आठवडे वेगळा ठेव.

या रविवारी ये, कुर्ल्याच्या मासेबाजारात जाऊ. पाठीवरचा पर टोकदार की गोल हे मी बघेन, टोकदार म्हणजे बहुतेक नर. तू फक्त पिशवी धर आणि दुकानदार जोडी म्हणाला तर हसू नकोस.

तुझा,
पक्या

ता.क. राजा मजेत आहे, एकटाच. परवा परत घरटं बांधलंय, या वेळी मी कोणाला बोलावलं नाही.