जेवायला न बसणारा यजमान

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत व्हॅम्पायरच्या, म्हणजे माणसांचं रक्त पिऊन जगणाऱ्या भुतांच्या, सिनेमांवरचा लेख वाचला. दोनदा वाचला. दहा सिनेमे, आणि कोणता किती घाबरवतो त्यावरून त्यांचे क्रमांक. लेखात एक चूक आहे, ती आधी सांगते. ब्रॅम स्टोकरच्या १८९७च्या कादंबरीत ड्रॅक्युला उन्हानं जळून मरतो, असं त्यात म्हटलंय. तसं नाही. कादंबरीतला काउंट, म्हणजे हा ड्रॅक्युला, लंडनच्या पिकॅडिलीत दिवसाढवळ्या दिसतो. उजेडात त्याच्या शक्ती चालत नाहीत, एवढंच. शेवटी तो मरतो सूर्य मावळता मावळता, दोन सुऱ्यांनी, आणि त्यातली एक चक्क गुरख्यांची कुकरी आहे. ऊन लागलं की संपला, ही गोष्ट १९२२च्या जर्मन मूकपटानं, मुर्नाऊच्या 'नोस्फेरातू'नं आणली. कादंबरीचे हक्क न घेता काढला म्हणून स्टोकरच्या पत्नीनं खटला भरला आणि त्या सिनेमाच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश कोर्टानं दिला. काही प्रती वाचल्या, म्हणून मला तो शंभर वर्षांनी साताऱ्यात बसून बघता आला.

आता मुद्द्याचं. मी ३३ वर्षं सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स होते. रक्ताची भीती वाटायची ती पहिल्या महिन्यात गेली. त्यामुळे कोणत्या सिनेमात किती रक्त आणि किती किंकाळ्या, यावर त्यांची प्रतवारी लावलेली मला पटत नाही. गेल्या पावसाळ्यात माझं मनगट मोडलं, प्लास्टर होतं, आणि नातू सुट्टीत आमच्याकडे होता. हे नऊला झोपतात. मग आम्ही दोघं आवाज बारीक करून रोज एक सिनेमा बघायचो. अकरा रात्री बघितले. मला त्या सगळ्यांत जे दिसलं ते लेखात कुठेच नव्हतं, म्हणून हे पत्र.

मला दिसलं ते जेवणाचं टेबल.

ड्रॅक्युलाच्या जवळजवळ प्रत्येक सिनेमात सुरुवातीला एक जेवण असतं. लांबून प्रवास करून दमलेला तरुण पाहुणा डोंगरावरच्या वाड्यात येतो. त्याला वाढलं जातं, आणि वाढणारा स्वतः जेवत नाही. १९२२मध्ये पाहुणा पाव कापताना अंगठा कापून घेतो आणि कागदात डोकं घालून बसलेला तो टकला, उंदीरतोंड्या काउंट रक्त बघून उठतो. १९३१च्या अमेरिकी बोलपटात बेला लुगोसीचा ड्रॅक्युला पाहुण्याचा पेला भरतो आणि आपण वाइन घेत नाही म्हणतो. १९५८च्या इंग्लिश सिनेमात क्रिस्टोफर लीचा ड्रॅक्युला जेवणाला येतच नाही, मांडलेल्या ताटाशेजारी चिठ्ठी ठेवतो. कोपोलाच्या १९९२च्या सिनेमात आपलं जेवण झालंय म्हणून सांगतो. आपल्याकडे वाढणारी बाई सगळ्यांच्या शेवटी जेवते, पण जेवते. पाहुण्याला 'सावकाश होऊ द्या' म्हणणाऱ्या घरमालकाच्या घरात स्वतःसाठी एक घास शिजत नाही, हे मला सुळ्यांपेक्षा भयंकर वाटलं. आणि त्याची दयाही आली. शेकडो वर्षं त्या घरात ताट मांडलं जातंय ते फक्त दुसऱ्याला बसवण्यासाठी.

वेर्नर हेर्झॉगनं १९७९मध्ये 'नोस्फेरातू' पुन्हा काढला. माझ्या मते या सगळ्यांत हाच श्रेष्ठ, आणि तुमच्या यादीत तो नवव्या क्रमांकावर आहे. त्यातला क्लाउस किन्स्कीचा काउंट दमलेला माणूस आहे. मरता येत नाही, रोज तेच ते निरर्थक जगणं ओढायचं, असं काहीतरी तो बोलतो तेव्हा आमच्या वॉर्डातले कितीतरी जुनाट दुखण्याचे पेशंट डोळ्यांसमोर आले. पण माझं म्हणणं वेगळ्याच प्रसंगाबद्दल आहे. काउंटच्या जहाजातून आलेल्या उंदरांनी गावात प्लेग पसरलाय. चौकात पायाखाली उंदीरच उंदीर, आणि मधोमध टेबल मांडून चांगल्या कपड्यांतली माणसं जेवायला बसलीत. सगळ्यांना प्लेग झालाय. उरलेला प्रत्येक दिवस नीट घालवायचाय म्हणून ती बसलीत, आणि समोरून जाणाऱ्या नायिकेलाही बसायला बोलावतात. नातू म्हणाला, "आजी, वेडी झाली असतील." मी म्हटलं, नाही रे, वेडी नाहीत. मी बघितलंय हे.

बघितलंय ते असं. जावळीकडचा एक म्हातारा होता. जन्मभर अनवाणी शेतात राबलेला. पोटात आकड्यासारख्या तोंडाचे जंत, ते आतड्याला चिकटून रक्त पितात. खरे व्हॅम्पायर म्हणावेत तर ते. हिमोग्लोबिन चार. डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली तर आत खडूसारखं पांढरं. रात्री त्याला रक्त लावायचं होतं. बॅग रक्तपेढीच्या फ्रीजमधून आलेली, हातात गार लागते. दोघींनी मिळून नाव, गट, बॅगचा नंबर कागदाशी ताडून बघायचा, मोठ्यानं वाचायचा. मग थेंब अगदी सावकाश सोडायचे आणि पहिली १५ मिनिटं तिथून हलायचं नाही, कारण थंडी वाजून आली, अंगावर पित्त उठलं किंवा कंबर दुखायला लागली तर तेवढ्यात कळतं. मी त्याच्या मनगटावर बोटं ठेवून बसले होते. तो टक लावून त्या नळीकडे बघत होता. म्हणाला, "कुणाचं हाय हे?" मी म्हटलं, माहीत नाही, बाबा, कुणीतरी दिलंय. "मला वळखत न्हाई आन् दिलंय?" असं दोनदा म्हणाला. पहाटे साडेचारला बॅग संपत आली तेव्हा त्याच्या नखांत जरा गुलाबी दिसायला लागलं होतं. मी तपासायला वाकले तर हळूच विचारलं, "सिस्टर, च्या मिळंल का?"

ड्युटी रूममधल्या शेगडीवर आमचा चहा उकळतच होता. अर्धा कप दिला. त्यानं तो बशीत ओतून, फुंकून, डोळे मिटून प्यायला. त्या रात्री वॉर्डात एक मृत्यूही झाला होता आणि मी फार थकले होते. पण आजही ती रात्र आठवली की आधी त्याची ती बशी आठवते.

म्हणूनच जिम जारमुशच्या २०१३च्या 'ओन्ली लव्हर्स लेफ्ट अलाइव्ह'शी माझं पटता पटता भांडण झालं. शतकानुशतकं संसार केलेलं व्हॅम्पायर जोडपं, तो अमेरिकेत डेट्रॉइटमध्ये, ती मोरोक्कोत टँजियरला. ती प्रवासाला निघताना बॅगेत कपड्यांऐवजी पुस्तकं भरते, झाडांना आणि अळंब्यांना त्यांच्या लॅटिन नावांनी ओळखते. तो निराश झाला तर त्याला नाचायला उठवते. इतकं शांत, इतकं भरलेलं सहजीवन मी पडद्यावर फार कमी बघितलंय. पण हा आदम रुग्णालयातल्या डॉक्टरला पैसे चारून रक्ताच्या बाटल्या घेऊन जातो, आणि सिनेमा ते काहीतरी ऐटीचं असल्यासारखं दाखवतो. त्या फ्रीजमधलं रक्त कुणाच्या तरी नावानं थांबलेलं असतं, हो! आपल्याकडे पैसे घेऊन रक्त देण्यावर १ जानेवारी १९९८पासून बंदी आली. त्याआधी रक्त विकणारे दारात उभे असायचे, फिकट, थरथरत्या हातांचे. मी ते दिवस बघितलेत. त्यामुळे त्या प्रसंगाला मी उठून पाणी प्यायला गेले. परत येऊन उरलेला सिनेमा पुन्हा मनापासून बघितला, हेही खरं.

कादंबरीबद्दल अजून एक. त्यात ड्रॅक्युलानं रक्त पिऊन खंगवलेल्या ल्यूसीला वाचवायला चार पुरुष एकामागून एक आपलं रक्त देतात. गट जुळवायचा प्रश्नच नव्हता, कारण रक्तगटांचा शोध कार्ल लँडस्टायनरनं त्यानंतर, १९००-१९०१च्या सुमारास लावला. नर्स म्हणून ते वाचताना माझ्या पोटात गोळाच आला. पण एक जण चोरून नेतोय आणि चौघं बाह्या वर करून देतायत, हे स्टोकरनं बरोबर लिहिलंय.

१९९४चा 'इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर' एकूणात मला भपकेबाज वाटला, झुळझुळीत कपडे आणि फार बोलणं. एका प्रसंगासाठी मात्र तो पहिल्या पाचांत यायला हवा. नायक लुई व्हॅम्पायर झाल्यापासून सूर्योदय बघू शकलेला नाही. सिनेमाचा शोध लागतो, तो अंधाऱ्या थिएटरात जाऊन बसतो आणि पडद्यावर सूर्य उगवताना बघतो. त्यातलं एक चित्र मुर्नाऊच्याच १९२७च्या 'सनराइज'चं आहे. ज्या माणसानं व्हॅम्पायरला उन्हानं मारलं, त्यानंच त्याला पहाट परत दिली.

नाइट ड्युटीवरून सुटणाऱ्या माणसाला ती पहाट फार जवळची असते. रात्रभर तळमळलेले पेशंट नेमके उजाडताना झोपतात. वॉर्डबॉय मामा खिडक्या उघडतात. सकाळच्या बाईंना ओव्हर द्यायची, म्हणजे पेशंटची माहिती देऊन काम सोपवायचं, डोक्यावरची कॅप काढायची, आणि साडेआठला घरी येऊन पायरीवर उन्हात बसून शिळी भाकरी, दही आणि ठेचा खायचा. हे माझ्या हातात ताट देऊन कामावर जायचे. मग मी खिडकीला चादर बांधून झोपायचे. दर महिन्याचे कितीतरी दिवस माझ्या वाट्याला ऊन आलं ते तेवढं अर्धा तास. त्या अर्ध्या तासापुढे मी कधी काही मागितलं नाही.

आल्फ्रेडसनच्या २००८च्या 'लेट द राइट वन इन' या स्वीडिश सिनेमातली ती बारा वर्षांची दिसणारी व्हॅम्पायर एली शेजारच्या मुलाचं मन मोडू नये म्हणून त्यानं दिलेली खाऊची गोळी खाते आणि कोपऱ्यात जाऊन ओकते. मुलगा काही न विचारता तिला जवळ घेतो. न्यूझीलंडच्या २०१४च्या 'व्हॉट वी डू इन द शॅडोज' या विनोदी सिनेमात नवा व्हॅम्पायर झालेला पोरगा आवडीची एक चिप तोंडात टाकतो आणि भडाभडा रक्त ओकतो. नातू खो खो हसला. मलाही हसू आलं, पण त्या पोराचा चेहरा बघून मी हातातला फुटाण्याचा वाडगा खाली ठेवला. त्याच सिनेमात घरातली भांडी पाच वर्षं घासलेली नाहीत म्हणून भांडण आहे. खरकटं भांडं धुवायला लागणं म्हणजे कुणीतरी जेवून उठलंय, हे मी रोज ओट्याशी उभी राहते तेव्हा आता मनात येतं.

लेखात दुरुस्ती छापावी ही विनंती. आणि हेर्झॉगचा सिनेमा वर घ्यावा, निदान चौकातल्या त्या जेवणासाठी.

नातू परवा १९ वर्षांचा झाला. कॉलेजच्या शिबिरात त्यानं पहिल्यांदा रक्त दिलं आणि तिथूनच फोन केला. मी विचारलं, चक्कर नाही ना आली? "नाही गं, आजी. मस्त वाटतंय. चहा आणि बिस्किटं दिलीत, तेच खातोय." मागे पोरांचा गलका चालला होता. मी म्हटलं, सावकाश होऊ दे.

आपली,
एक निवृत्त स्टाफ नर्स, सातारा