तात्या विंचूचा जबडा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ‘झपाटलेला ३’ या चित्रपटावरचा लेख वाचला. एक रात्र जाऊ दिली, राग उतरला नाही, म्हणून हे पत्र.

लेखकमहाशयांनी एकदा नाही, दोनदा लिहिलं आहे की तात्या विंचूला, म्हणजे ‘झपाटलेला’मधल्या खलनायक बाहुल्याला, आवाज रामदास पाध्ये यांचा होता. नव्हता. बाहुला पाध्यांचा, आवाज दिलीप प्रभावळकरांचा. १९९३ला पहिला भाग आला तेव्हापासून लहान पोरालाही हे ठाऊक आहे. बाहुला आला की शब्दभ्रमकार (ओठ न हलवता बाहुल्याला बोलतं करणारा) आला आणि शब्दभ्रमकार आला की आवाज त्याचाच, असा हिशेब केलेला दिसतो. पाध्यांच्या अर्धवटराव या बोलक्या बाहुल्याला तो लागू पडतो, तात्याला नाही. ही चूक आपण ‘किरकोळ’ म्हणून सोडून द्याल, पण नव्या भागाची सगळी आशा आणि सगळी भीती याच जागेवर आहे. एकाचा बाहुला, दुसऱ्याचा गळा, आणि दोघांचा मेळ असा की पाहणाऱ्याला मधली फट दिसत नाही.

बोलक्या बाहुल्याचं डोकं आतून पोकळ असतं. मानेतून एक दांडा खाली पोकळ धडात उतरतो आणि धडाच्या पाठीला हात घालायला भोक असतं. दांड्यावर अंगठ्याखाली एक खटका. खटका दाबला की तार किंवा दोरी जबडा खाली ओढते, सोडला की स्प्रिंग किंवा रबर तो वर नेतं. डोळ्यांच्या दोन बुबुळांना मिळून एक आडवी काडी, तिला वेगळा खटका. काम एवढंच, पण बिघडायला जागा भरपूर. रबर उन्हाळ्यात चिकट होतं, सैल पडतं, मग बाहुल्याचं तोंड अर्धवट उघडं राहतं आणि तो खलनायक न वाटता पेंगुळलेला वाटतो. बरं, स्प्रिंग कडक बसवली तर जबडा मिटताना ‘टक्’ असा आवाज होतो आणि तो थेट माईकमध्ये जातो. त्यावर उपाय म्हणजे जबडा जिथे टेकतो तिथे नमद्याचा किंवा जाड कापडाचा तुकडा चिकटवायचा. सोलापुरात तरी कापडाच्या तुकड्याला तोटा नाही.

आता हात. नवशिका दर अक्षराला, जोडाक्षरातल्या प्रत्येक व्यंजनालासुद्धा, खटका दाबतो आणि बाहुला सुपारी कातरल्यासारखा कटकट करत सुटतो. जबडा उघडायचा तो स्वरावर. तात्याचा मंत्र ‘ओम फट् स्वाहा’ घ्या. ‘ओ’ला अर्धा उघडा, ‘म’ला पूर्ण मिटलेला, ‘फ’ला मिटलेल्यातून झटकन उघडा, ‘ट्’ला पुन्हा बंद, मग ‘स्वा’ आणि ‘हा’ला पूर्ण खाली. चार उघडझापा, त्यातली ‘फट्’ची सगळ्यात छोटी. ‘म’वर जबडा उघडा राहिला की मंत्र खोटा पडतो, का ते प्रेक्षकाला सांगता येत नाही, पण तो हसतो.

गंमत अशी, की हाच मंत्र शब्दभ्रमकाराला ओठ न हलवता म्हणायला सांगितला तर त्याची पंचाईत होते. प, फ, ब, भ, म ही ओठांची अक्षरं. त्यांच्या जागी जीभ दातांमागे लावून जवळचा आवाज काढावा लागतो : ‘प’ला ‘त’, ‘ब’ला ‘द’, ‘म’ला ‘न’, ‘फ’ला ‘थ’. रंगमंचावर गप्पांच्या ओघात ते खपून जातं. तीन शब्दांच्या मंत्रात ‘म’ आणि ‘फ’ पाठोपाठ, वर ‘स्वा’तला ‘व’. तिथे लपायला जागाच नाही. सिनेमात आवाज वेगळ्या माणसाचा असला की ही अडचण उरत नाही. प्रभावळकर ओठ मिटून ‘म’ म्हणू शकतात, ‘फ’वर थुंकल्यासारखा जोर देऊ शकतात. तात्याच्या दहशतीत त्या ‘फट्’चा वाटा मोठा आहे. आपल्या लेखकाने दोन वाक्यांत नेमकं हेच पुसून टाकलं.

नव्या भागात बाहुला ‘अधिक जिवंत’ दिसेल, याचं त्यांना कोण कौतुक! कशाला हवा अधिक जिवंत? तो कमी जिवंत आहे म्हणून तर अंगावर येतो. खऱ्या बाहुल्याला वजन असतं, मान वळताना हात एक क्षण मागे राहतो, डोळे सरकून थोडे पुढे जातात आणि परत येतात. संगणकावर केलेल्या बाहुल्यात ही चूक मुद्दाम घालावी लागते, आणि वेळ कमी पडला की पहिली काट तिलाच लागते. मग पापणी लोण्यासारखी मिटते, पाय जमिनीला टेकतात पण खाली सावली नीट पडत नाही, आणि बाहुला शेजारच्या माणसाच्या खांद्यावर बसला तरी त्याचा सदरा दबत नाही. तात्या कुणाच्या छातीवर चढून बसणार असेल तर निदान त्या सदऱ्याला सुरकुती पडू द्या. संगणक वापरायला हरकत नाही. हात पुसा, दांडा पुसा, तार पुसा. चेहरा आणि जबडा मात्र हाताने हलवलेला ठेवा. आवाज आधी ध्वनिमुद्रित करा आणि तो सेटवर वाजवून त्यावर बाहुला हलवा. उलटं केलं की डबिंगला आवाज जबड्यामागे धावतो. बाहुल्याच्या डोळ्यांत उजेडाचा ठिपका पडेल असा एक छोटा दिवा कॅमेऱ्याच्या भिंगाजवळ ठेवा. तो नसेल तर काचेचे डोळे गेल्यासारखे दिसतात, मग खर्च कितीही करा.

पहिल्या भागातल्या लक्ष्याला संगणकाने पडद्यावर आणण्याचीही चर्चा आहे. लक्ष्मीकांत बेर्डे जाऊन २००४च्या डिसेंबरपासून किती वर्षं झाली ते मोजा. त्यांचा चेहरा जुन्या फिल्मवरून उचलता येईल, दाणेदारपणा पुसता येईल. पण त्यांचा विनोद चेहऱ्यात नव्हता, चेहरा बदलायला ते जो उशीर लावायचे त्यात होता. आधी डोळे जायचे, मग मान, मग घाबरायचं. तो उशीर यंत्राला कोण शिकवणार? एखादा फोटो भिंतीवर दाखवा, टाळ्या पडतील.

आणि कृपा करून कुणीतरी निर्मात्यांना सांगा, पुन्हा थ्रीडी नको. २०१३ चा दुसरा भाग थ्रीडीत आला होता. पोलराइज्ड चष्म्याच्या थ्रीडीला चंदेरी पडदा लागतो. साध्या पांढऱ्या पडद्यावर प्रकाश परतताना त्याचं ध्रुवण (दोन डोळ्यांची चित्रं वेगळी ठेवणारी प्रकाशलहरींची ठरावीक दिशा) मोडतं, डाव्या डोळ्याचं चित्र उजव्यात झिरपतं आणि एका तात्याचे दीड तात्या दिसतात. शिवाय उजेडाची वाट लागते. साध्या चित्रपटासाठी पडद्यावर १४ फूट-लॅम्बर्ट (पडद्याच्या उजेडाचं माप) उजेड हवा. थ्रीडीत चष्म्यातून डोळ्यापर्यंत साडेतीन-चार आला तरी पुष्कळ. त्यात प्रोजेक्टरचा दिवा जुना झाला की उजेड आणखी घसरतो. तात्याचा वावर रात्रीचा, म्हणजे प्रेक्षकाने पैसे देऊन अंधारच पाहायचा.

बिनथ्रीडीलाही आमच्या शहरातल्या एका पडद्यावर (नाव छापलंत तर पुढच्या शुक्रवारी तिकीट मिळायचं नाही) मधला स्पीकर फुटका आहे. संवाद येतात ते मधल्याच स्पीकरमधून. त्यामुळे संगीताला खिडक्या थरथरतात आणि पात्रं पुटपुटतात. तक्रार केली की आवाज वाढवतात, मग संगीत आणखी वाढतं. आवाजाच्या यंत्रावर प्रमाण आकडा ७ आहे, तो ५ वर ठेवून कुणी काही बोललं की ६ करायचा, हा उपाय नव्हे. स्पीकर बदला. तात्या दबक्या आवाजात मंत्र म्हणतो तेव्हा तो कळायला हवा, नाहीतर पुढचा सगळा सिनेमा कशासाठी चालला आहे ते मागच्या रांगेला समजणार नाही.

आवाजाची चूक आपण दुरुस्तीच्या चौकटीत छापाल अशी आशा आहे. पान सातच्या तळाला, निविदांच्या खाली नको.

जाता जाता, आपली चित्रपटांच्या वेळांची चौकट. सोलापुरात एकच सिनेमा मराठीत, हिंदीत आणि पूर्व भागात तेलुगूतही लागू शकतो, हे आपल्या पुण्याच्या कार्यालयाला माहीत नसावं. चौकटीत फक्त नाव आणि वेळ असते. माणूस तिकीट काढून आत बसतो, आणि पहिल्या संवादाला कळतं. नावापुढे ‘म.’, ‘हिं.’, ‘ते.’ एवढं एक अक्षर छापा. जागा कमी पडत असेल तर राशिभविष्यातली एखादी रास गाळा.

आपला,
एक वाचक, जुळे सोलापूर